बर्फातले हरीण आणि आमचा फ्रीझर

"अम्मी, माझं हरीण सडायला लागलं!"

दिवाळीच्या सुट्टीतली दुपार होती. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन मी बसले होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून आमच्या धाकट्याची ही आरोळी आली. तो नववीत आहे. संगणकावर काय खेळतो, किती वेळ खेळतो, यावरून आमच्या घरात जे वाद होतात ते तुमच्याही घरात होत असतीलच. पण सडलेल्या हरणासाठी हळहळणारा मुलगा मी पहिल्यांदाच पाहिला. लाल पेन हातात तसेच धरून मी उठले.

पडद्यावर एक लाकडी झोपडी होती. बाहेर हिमवादळ घोंगावत होते. झोपडीत जमिनीवर कच्च्या मांसाचे तुकडे पडले होते आणि मुलगा एकेक तुकडा उचलून तपासत होता. प्रत्येकाची टक्केवारी दिसत होती. "चूक माझीच आहे," तो म्हणाला. "आत ठेवलं म्हणून लवकर उतरलं. बाहेर बर्फात टाकायला हवं होतं."

मी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले.

खेळाचे नाव 'द लाँग डार्क'. कॅनडातल्या हिंटरलँड नावाच्या कंपनीने तो बनवला आहे. २०१४ पासून तो अपुऱ्या स्वरूपात लोकांपुढे होता, पूर्ण रूपात २०१७ मध्ये आला. कल्पना अशी की आकाशात काही विलक्षण घडून सगळी वीज आणि यंत्रे बंद पडली आहेत आणि तुम्ही उत्तर कॅनडाच्या बर्फाळ रानात एकटे अडकला आहात. यात भुतेखेते नाहीत की शत्रूची फौज नाही. थंडी, थकवा, तहान आणि भूक या चार गोष्टींशीच लढायचे. लांडगे आहेत, पण तेही भुकेलेच. कच्चे मांस जवळ बाळगले तर त्याचा वास त्यांना लांबून लागतो.

या खेळात अन्न एकदा मिळाले की मिळाले, असे होत नाही. त्याचे वय सुरू होते. कच्चे मांस सर्वांत लवकर उतरते, शिजवलेले जरा टिकते. घरात ठेवले तर लवकर बिघडते, उघड्यावर बर्फात सावकाश. टक्केवारी फार उतरलेले अन्न खाल्ले तर अन्नबाधा होते, आणि रानात एकट्याला अन्नबाधा होणे म्हणजे मरणाला आवतण. नंतरच्या एका जोड-भागात मीठ आणि मांस खारवून टिकवण्याची पेटीही आली आहे. खेळाकडे वैऱ्यासारखी पाहणारी मी, मनातल्या मनात त्या लोकांना शाबासकी देऊ लागले. अन्नाला घड्याळ असते हे मी मुलांना वर्गात सांगते, पण ते घड्याळ दाखवता कधी आले नव्हते.

"लांडगा नाही खात मी," मुलगा न विचारताच म्हणाला. "हराम आहे ना. हरीण, ससा आणि मासे, बस्स."

मला हसू आले. पडद्यावरच्या लांडग्याला फतवा लागत नाही, पण मुलाने स्वतःहून घातलेली मर्यादा मोडायला माझे मन होईना. मी त्याला एवढेच सांगितले की खरोखरच उपासमारीने जीव जायची वेळ आली आणि दुसरे काहीच नसेल, तर नियत वाईट न ठेवता, जीव वाचेल इतपत मुभा पवित्र कुरआनने दिली आहे. तो म्हणाला, "मग तर खेळात रोजच मुभा आहे!" आणि पुढे त्याने आणखी एक माहिती दिली. या खेळात लांडग्याचे किंवा अस्वलाचे मांस खाल्ले तर पोटात जंत होण्याचा धोका असतो. हरणाच्या मांसाने तसे होत नाही.

यामागे खरे विज्ञान आहे. ट्रिकिनेला नावाचा एक सूक्ष्म कृमी असतो. जे प्राणी दुसऱ्या प्राण्यांचे मांस खातात, त्यांच्या स्नायूंत तो घर करून राहतो. अस्वल, लांडगा, कोल्हा आणि डुकरातही तो सापडतो. दीनचा हुकूम आपण जंतांच्या भीतीने पाळत नाही, अल्लाहचा हुकूम आहे म्हणून पाळतो. पण निसर्गात काय घडते हे माहीत असायला हरकत नाही. गंमत अशी की खेळाने इथे गोष्ट उलटी केली आहे. खेळात नवख्या माणसाने लांडगा शिजवून खाल्ला तरी जंतांचा धोका राहतो. प्रत्यक्षात मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजले की हा कृमी मरतो. मात्र उत्तर ध्रुवाकडच्या प्राण्यांत त्याची जी जात आढळते, ती गोठवून मरत नाही. मांस महिनोन्महिने बर्फात ठेवले तरी ती आत जिवंत राहू शकते.

थंडीबद्दल आपल्या सगळ्यांची समजूत चुकते ती इथेच. थंडी अन्न स्वच्छ करत नाही. पाणी गोठले की जंतूंना वापरायला पाणी उरत नाही आणि त्यांची वाढ थांबते. आपल्या घरच्या फ्रीझरचे उणे १८ अंश हे प्रमाण त्यासाठीच आहे. पण बहुतेक जंतू तिथे मरत नाहीत, नुसते झोपतात. ऊब मिळाली की जिथे थांबले होते तिथून पुन्हा सुरू. खेळात बाहेर कडाक्याची थंडी असूनही मांसाची टक्केवारी घसरत राहते, ते तितकेसे खरे नाही. खरोखर दगडासारखे गोठलेले मांस जंतूंमुळे सडत नाही. त्यातली चरबी तेवढी सावकाश खवट होते आणि पृष्ठभाग सुकून पांढरा पडतो.

दुसरी चूक याहून मोठी आहे. पाणकणसाचे देठ खेळात कधीच खराब होत नाहीत, ते एक वेळ सोडून देऊ. पण मुलाने सांगितले, "अम्मी, स्वयंपाकाची पाचवी पातळी गाठली ना, की शून्य टक्के झालेलं मांससुद्धा शिजवून खाता येतं. काहीच होत नाही."

हे ऐकून मी गप्प झाले. कारण त्या पाचव्या पातळीवर मी स्वतःला वीस वर्षे समजत आले होते.

आता घरची गोष्ट सांगते. अलीकडे बकरी ईद उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर येते. यंदाही कुर्बानीचे मांस आले, वाटप झाले, उरलेले मी नेहमीप्रमाणे मोठमोठ्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये कोंबले. झाकण लावायला जोर लावावा लागला, इतके. तीन-चार दिवसांनी वादळी पाऊस झाला आणि जवळजवळ दीड दिवस वीज नव्हती. आम्ही दर दोन तासांनी फ्रीझर उघडून "अजून गार आहे" म्हणत राहिलो. पिशव्या मऊ पडल्या, तळाशी लालसर पाणी साचले. मग वीज आली, सगळे पुन्हा गोठले आणि आम्ही विसरून गेलो.

सप्टेंबरअखेर त्यातलीच एक पिशवी मी फजरच्या नमाजनंतर ओट्यावर काढून ठेवली आणि शाळेला गेले. दुपारी परत येऊन कीमा केला. मसाला चांगला परतला, शिट्ट्याही दोन जास्त काढल्या. रात्री सासूबाईंना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. त्या पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यात मधुमेह. पहाटेपर्यंत हातपाय गार पडले होते. दोन रात्री दवाखान्यात सलाइनवर काढल्या. डॉक्टर म्हणाले, कशामुळे झाले ते खात्रीने सांगता येणार नाही. मी सगळ्यांना सांगत राहिले, "कीमा तर चांगला शिजवला होता."

तो चांगला शिजला होता, यात खोटे नाही. पण शिजवण्याने जंतू मरतात, त्यांनी आधीच सोडलेले विष प्रत्येक वेळी जात नाही. काही जंतूंचे विष उकळूनही टिकते. काहींची बीजे कुकरच्या बाहेर, नेहमीच्या पातेल्यातल्या उकळीलाही दाद देत नाहीत आणि सालन कोमट होत गेले की पुन्हा रुजतात. आपल्या किनाऱ्यावरचा बांगडा घ्या. बर्फाविना पडून राहिला की त्यात हिस्टामीन तयार होते. मग तो कितीही तळा, खाणाऱ्याचे तोंड लाल होऊन अंगावर गांधी उठायच्या त्या उठतात. वासावर भिस्त ठेवावी, तर पुष्कळदा धोक्याच्या अन्नाला वास येत नाही. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि आपल्या स्वयंपाकघराचा ओटा बाराही महिने त्याच पट्ट्यात असतो.

सासूबाई घरी आल्यावर आम्ही फ्रीझर रिकामा केला. जवळजवळ सहा किलो मांस फेकावे लागले. कुर्बानीचे मांस खड्ड्यात पुरताना जे वाटले ते लिहिता येत नाही. आणि तळाशी, बर्फात चिकटलेली, एक छोटी पिशवी निघाली. तिच्यावर ह्यांच्या अक्षरात एक नाव होते. मागच्या गल्लीतल्या एका विधवा बाईंचे. ईदच्या दिवशी त्यांच्या दाराला कुलूप होते म्हणून "उद्या देऊ" असे ठरले होते. तो उद्या चार महिने फ्रीझरमध्ये पडून होता.

मुलाशेजारी बसून त्या झोपडीतले सडणारे हरीण पाहताना मला ती पिशवी आठवली. आणि एक प्रश्न पडला. खेळातल्या त्या माणसाचे मांस सडते का? थंडी तर भरपूर आहे. ते सडते, कारण तो एकटा आहे. अख्खे अस्वल मारले तर कित्येक किलो मांस निघते आणि खाणारे तोंड एकच. दारावर थाप मारून "घ्या, थोडे पाठवले आहे" म्हणावे असे पंचक्रोशीत कोणी नाही.

खऱ्या उत्तर कॅनडात मात्र माणसे अशी राहिली नाहीत. मॅकेन्झी नदीच्या मुखाजवळ टुक्टोयाक्टक नावाचे गाव आहे. तिथे कायम गोठलेल्या जमिनीत सुमारे ३० फूट खोल खणून १९६० च्या दशकात गावकीचे बर्फघर तयार केले. शिडीने उतरायचे आणि आत भुयारासारख्या वाटांना लागून वेगवेगळ्या कुटुंबांच्या कोठड्या. वीज नाही, काही नाही. क्युबेक प्रांताच्या उत्तरेला नुनाविक म्हणून इन्युइट लोकांचा प्रदेश आहे. तिथल्या गावांत सार्वजनिक फ्रीझर असतो. शिकाऱ्यांनी आणलेले कॅरिबूचे मांस आणि मासे त्यात ठेवतात आणि ज्याला गरज असेल तो फुकट घेऊन जातो. वॉलरस मारला तर त्याच्या जिभेचा नमुना आधी तपासायला जातो. मघाशी सांगितलेला कृमी त्यात नाही असे कळले की मगच ते मांस वाटले जाते. म्हणजे वाटायचे तर आहेच, पण तपासून. टनभर वजनाचा वॉलरस एका घरात कधीच संपणार नाही. शेजाऱ्याच्या घरी गेलेले मांस सडत नाही आणि उद्या त्याला शिकार मिळाली की आपल्या घरी येते. हजारो वर्षे अशीच साठवण चालत आली.

हे वाचताना तुमच्या मनात जे आले तेच माझ्या मनात आले. एका वर्षी मदीनेत बाहेरून गरजू, भुकेलेले लोक आले होते. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कुर्बानीचे मांस तीन दिवसांपुरते ठेवून बाकीचे दान करायला सांगितले. पुढच्या वर्षी लोकांनी विचारले, तेव्हा त्यांनी खायला, खाऊ घालायला आणि साठवायलाही परवानगी दिली आणि गेल्या वर्षीच्या मनाईचे कारण ते गरजू लोक होते, हे सांगितले. त्या घरातही साठवण होत होती. मांसाला मीठ लावून ठेवत असू, पाये ठेवून पंधरा दिवसांनी खात असू, हे हजरत आयशा (रजि.) यांच्याकडूनच हदीसमध्ये आले आहे. म्हणजे साठवण्यात दोष नाही. कोणी भुकेले असताना साठवणे, हा दोष. आणि परवानगीतला क्रमही पाहा. साठवणे शेवटी आहे. आमच्या घरात ते पहिले झाले होते.

आता थोडे व्यवहाराचे.

पहिली गोष्ट, मांस फ्रीझरमध्ये जाण्याआधी कोणाचा वाटा कोणता हे ठरवून तो घराबाहेर गेला पाहिजे. दार बंद असेल तर संध्याकाळी पुन्हा जावे. 'उद्या' हा शब्द फ्रीझरला फार आवडतो.

दुसरी, पिशव्या लहान आणि चपट्या करा. अर्धा किलो, तळहाताइतक्या जाडीपेक्षा पातळ. क्लॅरेन्स बर्ड्झआय नावाचा अमेरिकन १९१२ मध्ये लॅब्राडोरला गेला होता. तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासा पाण्याबाहेर काढताच तो क्षणात गोठतो आणि महिन्यांनी वितळवला तरी ताजा लागतो, हे त्याने पाहिले. झटकन गोठले की बर्फाचे कण बारीक होतात, मांसाचे धागे फाटत नाहीत. पुढे गोठवलेल्या अन्नाचा सगळा धंदा त्यावर उभा राहिला. आपण पाच किलोचा कोमट गोळा कोंबतो, त्याच्या पोटापर्यंत थंडी पोचायला दिवस जातो. तोपर्यंत आत ऊबच असते. फ्रीझरमध्ये हवा खेळायला जागा ठेवा आणि सगळे एकदम न भरता टप्प्याटप्प्याने भरा, तोवर उरलेले फ्रीजमध्ये ठेवा.

तिसरी, प्रत्येक पिशवीवर तारीख लिहा. कीमा तीन-चार महिन्यांत आणि मोठे तुकडे फार तर वर्षाच्या आत संपवावेत, नाहीतर चव जाते. वितळवायचे ते आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही.

चौथी, वीज गेली तर फ्रीझर उघडू नका. भरलेला फ्रीझर बंद राहिला तर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. नंतर तपासताना मांसात बर्फाचे कण शिल्लक असतील तर ते पुन्हा गोठवता येते, पण लगेच शिजवून संपवणे बरे. मऊ होऊन दोन तासांपेक्षा जास्त कोमट राहिले असेल तर मोह सोडावा. आपण घरी नसताना वीज गेली होती का, हे कळायला एक सोपी युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवा, त्यावर एक नाणे ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. नाणे कधी तळाशी गेलेले दिसले, तर समजा की मधे सगळे वितळून पुन्हा गोठले आहे.

नाण्याची युक्ती मुलाला फार आवडली. "म्हणजे ही आपली टक्केवारी," तो म्हणाला. आता फ्रीझरच्या दारावर त्याच्या अक्षरातली यादी चिकटवली आहे. पिशवी, तारीख, कोणासाठी. सासूबाई बऱ्या आहेत, अल्लाहचे उपकार. यादीत त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. "कोणासाठी" हा रकाना पहिला घे, म्हणाल्या.

त्या सुट्टीतच एका सकाळी मी बाजारातून ताजे मटण घेतले आणि मागच्या गल्लीत गेले. ती कुर्बानी नव्हती, तो वाटा काही परत येणार नव्हता, हे मला माहीत होते. दार उघडल्यावर मी झाले ते सगळे सांगितले, पिशवीसकट. बाईंनी ऐकून घेतले. रागावल्या नाहीत, मोठे मन दाखवल्यासारखेही काही बोलल्या नाहीत. पिशवी घेऊन सरळ चुलीकडे गेल्या आणि पातेले चढवले. त्यांच्याकडे फ्रीज नाही. कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "बसा टीचर, शिजेपर्यंत. पोरींनाही हाक मारते शेजारच्या."

अर्ध्या तासात त्या मटणाला खाणारी सात तोंडे झाली होती. टक्केवारी उतरायला वेळच मिळाला नाही.